देवाची कामे वाटून द्या: गोव्यातल्या धार्मिक वृद्धाश्रमासाठी मार्गदर्शक

देवस्थानाच्या, मठाच्या किंवा धर्मादाय ट्रस्टच्या वृद्धाश्रमात देवघर असते. सकाळची पूजा, दुपारचा नैवेद्य, संध्याकाळची आरती होते. श्रावणात भजन होते आणि चवथीला गणपतीही येतो. तरीही दुपारी तीनच्या सुमाराला तिथे गेलात तर ओसरीवर दहाबारा माणसे ओळीने खुर्च्यांवर बसलेली दिसतात आणि कोणी कोणाशी बोलत नसते. कारण समोरच असते. पूजा भटजी करून जातात, फुले बाजारातून येतात, वाती पाकिटातल्या, नैवेद्य स्वयंपाकिणीचा आणि आरती मोबाइलवर लावलेली. रहिवाशांच्या वाट्याला उरते ते फक्त हात जोडणे. जिने पन्नास वर्षे घरचे देव सांभाळले तिला आपण प्रेक्षक करून ठेवतो, आणि मग तिचे मन रमावे म्हणून रंगीत कागदाची फुले चिकटवायला देतो.

फोंडा तालुक्यातल्या एका आश्रमात कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळताना माझे एक मत पक्के झाले आहे. धार्मिक आश्रमाला वेगळे ‘मनोरंजन’ शोधावे लागत नाही. देवाच्या एका दिवसात तीस माणसांना पुरेल इतके काम असते. ते वाटून दिले की माणसे आपोआप एकमेकांशी बोलू लागतात, भांडतात, वाट पाहतात, आणि घर घरासारखे वाटू लागते. हे कसे करायचे ते विश्वस्त, व्यवस्थापक, सेविका आणि आईवडिलांना आश्रमात ठेवलेले नातेवाईक यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे.

पहिले काम: प्रत्येकाची वही

प्रवेशाच्या अर्जात आजार, औषधे आणि फोन नंबर असतात. माणूस कुठे दिसत नाही. म्हणून प्रत्येकासाठी एक साधी दोनशे पानी वही करा आणि पहिल्या आठवड्यात, एका बैठकीत नव्हे तर चहा पिता पिता थोडे थोडे विचारून, ती भरा.

पहिला प्रश्न: तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? सगळ्यांना सरसकट ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणू नका. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंना ‘बाई’च म्हणावे, मास्तरांना ‘मास्तर’. कोणाला ‘माई’ आवडते, कोणाला ‘काकी’, कोणाला गावातले आपले नाव. जी हाक ठरेल तीच सगळ्या सेविकांनी वापरायची.

दुसरा प्रश्न गोव्यात हमखास चालतो: गाव कुठला आणि कुळदेव कुठला? मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेश, दामोदर, सांतेर, रवळनाथ, वेताळ, यांपैकी एक नाव निघाले की बंद दार उघडते. मग विचारा, गावच्या जत्रेत तुमच्याकडे काय असायचे? पालखीला खांदा, दिवजांचा (ओवाळण्याच्या दिव्यांचा) मान, भजनात झांज, की रात्रीच्या नाटकात काम? गोव्याच्या गावागावांत जत्रेला मराठी नाटके होत आली आहेत. आज गप्प बसलेले काका कधीकाळी रंगमंचावर राजा किंवा राणीही झालेले असू शकतात. हे त्यांच्या मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट वाचण्याची. आपल्याकडे बोलणे कोकणीत आणि पोथी, आरती, वर्तमानपत्र मराठीत, अशी अनेक हिंदू घरांची रीत आहे. पण पोर्तुगीज काळात शाळेत गेलेल्यांपैकी कोणी पोर्तुगीज शिकलेले असतात, ख्रिस्ती रहिवासी रोमी (रोमन लिपीतली) कोकणी वाचतात आणि काही बायका शाळेतच गेलेल्या नसतात. कोणाला काय वाचता येते हे माहीत असले की पुस्तक हातात देऊन माणसाला शरमिंदे करण्याची वेळ येत नाही.

शेवटी, काय आवडत नाही तेही लिहा. अगरबत्तीच्या धुराने दम लागतो, ढोलाचा आवाज सोसत नाही, तिन्हीसांजेला एकटे नको वाटते. पुढच्या सगळ्या आखणीत याच ओळी सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

दुसरे काम: कामांची वाटणी

आता एक दिवस देवघराजवळ बसा आणि भटजी, स्वयंपाकीण, सेविका मिळून देवासाठी जे जे करतात ते लिहून काढा. फुले खुडणे, निवडणे, तुळशीची पाने वेगळी करणे, दूर्वांची २१ची जुडी बांधणे, चंदन उगाळणे, वाती वळणे, उपकरणी घासणे, रांगोळी, नैवेद्याची भाजी चिरणे, तिथी सांगणे, घंटा वाजवणे, तीर्थ वाटणे, प्रसादाचे पुडे करणे, निर्माल्य गोळा करणे. यादी फळ्याएवढी होईल. मग प्रत्येक वही उघडून पाहा आणि काम माणसाला जोडा.

वातीचेच घ्या. दिसायला किरकोळ, पण वृद्धाश्रमात याच्याइतके उपयोगी काम मला दुसरे सापडलेले नाही. सरकी काढलेला कापूस चिमटीने मोकळा करायचा, बोटे दुधात किंवा भस्मात किंचित टेकवायची आणि तळहाताखाली पुढे ओढत लांब वात वळायची. फुलवात असेल तर कापसाची चपटी चकती करून मधून चिमटीत धरायची आणि टोक पिळून वर काढायचे. आमच्याकडे काचबिंदूने दृष्टी गेलेल्या एक माई आहेत. वाती वळताना त्यांची मान वर असते, नजर भलतीकडे. बोटांना कापसातली गाठ लागली की त्या थांबतात, गाठ उपटून पदराच्या कडेला ठेवतात आणि बरोबर तिथूनच वात पुढे चालू करतात. त्यांची वात एकसारखी उतरते, डोळस सेविकेची तशी उतरत नाही. शेजारचे काका जुड्या बांधतात आणि मोजतात. दोघांचे मोजणीवरून रोज वाजते, आणि ते वाजलेच पाहिजे.

इथे एक नियम कठोरपणे पाळा: वाती वाटून दिल्यावर बाजारातले वातींचे पाकीट आश्रमात ठेवायचे नाही. आपण वळलेली वात खरोखर निरांजनात जाते आणि नाही वळली तर अडते, हे माणसाला कळते. कपाटात पाकीट तयार असेल तर तेही कळते, आणि मग ते काम उरत नाही, वेळ घालवणे होते.

हातांप्रमाणे काम द्या. संधिवात असेल तर वाती आणि तुळस निवडणे ठीक, सहाणेवर चंदन उगाळणे मनगटाला जड. तेही हवे असेल तर चार-पाच मिनिटेच. हात कापत असतील तर फुले गुंफायला बोथट टोकाची मोठी सुई द्या. आबोलीची किंवा जायांची फाती (वेणी) केळीच्या दोराने करणाऱ्या बायका असतील तर त्यांना सुई देऊ नका, त्यांचा तो अपमान आहे. फक्त उजेड चांगला द्या आणि फुले काळ्या किंवा गडद ताटात ठेवा म्हणजे पांढरी जाई दिसते.

अंथरुणाला खिळलेल्यांनाही काम हवेच. दिनदर्शिका त्यांच्या समोरच्या भिंतीवर लावा आणि आजची तिथी, नक्षत्र, कोणाचा सण ते त्यांनीच सांगायचे असे ठरवा. सकाळी सेविकेने त्यांना विचारूनच फळ्यावर तिथी लिहायची.

पुरुषांकडे मुद्दाम लक्ष द्या. बायका फुलांच्या ताटाभोवती लवकर एकत्र येतात, पुरुष एकटे पडतात. ‘या, बसा आमच्यात’ म्हटल्याने ते येत नाहीत. दानपेटीचा हिशेब तपासून द्या, टाळांच्या दोऱ्या बदलून द्या, वर्तमानपत्रातल्या बातम्या सगळ्यांना वाचून दाखवा, परसातल्या तुळशीला आणि जास्वंदीला पाणी घाला, असे सांगितले की येतात.

आणि कामे जातीवरून वाटू नका. फुलाला कोणी हात लावायचा, नैवेद्याची भाजी कोणी चिरायची, यावर एखादा रहिवासी कुरकुर करील. त्याच्याशी विश्वस्तांनी स्वतः, शांतपणे पण ठामपणे बोलावे. सेविकांवर सोडू नये.

तिसरे काम: दिवसाचा क्रम

देवाच्या वेळा आणि औषधांच्या वेळा एकाच कागदावर बसवायच्या. आमच्याकडे साधारण असे चालते: साडेपाच-सहाला चहा, सातला पूजा, आठला उकड्या तांदळाची पेज किंवा पोळी-भाजी आणि सकाळच्या गोळ्या. दहाला वर्तमानपत्र आणि हातांची कामे, बाराला नैवेद्य, लगेच जेवण. चारला चहा, मग अंगणात चालणे, साडेपाचला भजन किंवा हरिपाठ, सातच्या आत आरती आणि साडेसातला हलके जेवण.

यात साडेपाचच्या भजनाला विशेष अर्थ आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांची अस्वस्थता पुष्कळदा दिवस मावळताना वाढते. ‘घरी जायचे आहे’, ‘आई वाट पाहते आहे’, असे सुरू होते, येरझाऱ्या होतात. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, टीव्ही बंद करा आणि माणसांना ओळखीच्या सुरांत बसवा. रोज तीच वेळ, तीच जागा, तीच पहिली ओळ. पुष्कळांना याने आराम पडतो. भजन आठ वाजता ठेवले तर नेमका कठीण तास रिकामा जातो.

मात्र ‘आरती झाल्याशिवाय जेवण नाही’ असा नियम असेल तर तो आजच काढा. मधुमेहाच्या माणसाला तो धोक्याचा आहे, आणि ज्याला आरतीला यायचे नाही त्याला भुकेने यायला लावणे ही भक्ती नव्हे.

चालण्याबद्दल थोडे. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. हे आकडे ऐकून घाबरू नका. ज्याला जेवढे झेपेल तेवढे. देवघराभोवती प्रदक्षिणा, खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून उठ-बस, आरतीच्या टाळ्या, हे सगळे त्यात येते. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा चालणे ओसरीवरच.

चौथे काम: भजन नीट बसवणे

गोव्यात भजन सांगायला शिकवावे लागत नाही. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत उतरलेली पथके गावोगाव आहेत, वास्कोच्या दामोदराचा अखंड सप्ताह सगळ्या राज्याला ठाऊक आहे. तुमच्या आश्रमातही कधीकाळी पेटी वाजवलेले कोणी निघेल. पण म्हाताऱ्या माणसांचे भजन वेगळे बसवावे लागते.

पट्टी खाली घ्या. बाहेरून आलेला पेटीवाला आपल्या सवयीची पट्टी धरतो आणि रहिवाशांचा आवाज पोचत नाही, मग ते ओठ हलवत बसतात. आधी रहिवाशांकडून एक ओळ म्हणवून घ्या आणि पेटी त्यांच्या मागून जाऊ दे. लयही तशीच. चवथीला गावातली मुले आरत्या अशा सुसाट म्हणतात की वृद्ध दुसऱ्या कडव्यावर असताना मुले कापूर लावतात. मुलांना आधीच सांगा: इथे आरती माई म्हणतील, तुम्ही मागून म्हणा.

बसण्याची रचना अर्धगोल असावी. ऐकू कमी येणारे पुढे, आणि गाणाऱ्याचा चेहरा त्यांना दिसेल असे. घुमट (मातीच्या मडक्याचे चर्मवाद्य), शामेळ (त्याच्या जोडीचे चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठे टाळ) हवेतच. घुमटाला तर गोवा सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्याचा दर्जा दिला आहे. पण बंद खोलीत घुमटाचा आवाज श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला अक्षरशः कानात मारतो. वादक ओसरीच्या टोकाला बसवा आणि श्रवणयंत्रवाल्यांना त्यांच्यापासून दूर.

अभंगांचे कागद २० पॉइंटच्या ठळक अक्षरात, चकाकी नसलेल्या कागदावर, एका पानावर एकच अभंग. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. आठवड्याला एकच नवा अभंग घ्या, बाकी सगळे पाठ असलेले. कोणता अभंग म्हणायचा हे त्या दिवशीच्या पाळीचा रहिवासी ठरवील. बुवा पाहुणे असले तरी निवड रहिवाशाची.

पाचवे काम: वर्षाचे सण

वर्षातला सगळ्यात अवघड सण चवथ. त्या दिवसांत गोव्यातला हिंदू माणूस मूळ घरी जातो. आश्रमातल्या काहींना मुले न्यायला येतात, काहींना कोणीच येत नाही, आणि पायऱ्यांवर पिशवी घेऊन वाट पाहत बसलेले माणूस पाहवत नाही. यावर उपाय आधी करायचा असतो. महिनाभर आधी प्रत्येक कुटुंबाला फोन करून स्पष्ट विचारा: नेणार का, कुठल्या दिवशी, किती वाजता? नक्की नसेल तर रहिवाशाला आशा दाखवू नका. आणि आश्रमाचा गणपती मागे राहिलेल्यांचाच आहे असे ठेवा. मूर्ती कोणी आणायची, पूजा कोणी सांगायची, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) सारण कोणाच्या हातचे, हे सगळे त्यांनी ठरवायचे.

माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाभाज्यांची चौकट, हा तर या सणाचा प्राण. चौकटीला बांधायची रानातली फळे आणि भाज्या बाजारातून तयार आणा, पण बांधायच्या आधी सगळ्या मोठ्या सुपांत पसरून रहिवाशांसमोर ठेवा. मावळिंग, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, निरफणस, नारळाची पेंड, सुपारीचा घड. शेजारच्या शाळेतली चार मुले वह्या घेऊन बसवा आणि म्हाताऱ्यांनी नावे सांगायची. मुलांचे नाव विसरणारे काका रानातल्या फळाचे नाव, ते कुठल्या डोंगरावर मिळते आणि कशाला औषध आहे तेही सांगतात. शिडीवर चढून बांधण्याचे काम मात्र फक्त धडधाकट कामगारांचे. खालून ‘डावीकडे जास्त झाले’ म्हणणारे दहा जण असतातच.

सेविकांच्या सुटीचा प्रश्नही याच वेळी येतो. त्यांनाही चवथ असते. गोव्यात याची सोय आहे: चवथीला ख्रिस्ती सेविकांनी पाळी घ्यावी, नाताळात हिंदू सेविकांनी. वर्षाच्या सुरुवातीलाच हे लिहून ठरवा.

नवरात्रात फोंड्याच्या देवळांत मखरोत्सव असतो, आधी कीर्तन आणि मग मखरात बसवलेल्या देवाला झुलवणे. ज्यांना झेपेल त्यांना न्या, पण गर्दीच्या रात्री नको. देवस्थान समितीला आधी फोन करा. चाकांची खुर्ची कुठून आत येते, स्वच्छतागृह किती लांब, बसायला भिंतीचा आधार आहे का, ते विचारा. मंगेशीला सोमवारी पालखीची गर्दी असते, म्हणून दुसरा वार निवडा. अनवाणी पायांना दुपारचा तापलेला दगड आणि पावसातला ओला दगड दोन्ही वाईट, त्यामुळे सकाळी साडेआठ-नऊची वेळ उत्तम. तळीच्या पायऱ्यांकडे कोणी जायचे नाही.

तुळशीच्या लग्नात आश्रमाचे दोन पक्ष करा, वरपक्ष आणि वधूपक्ष. ऊस, आवळे, चिंचा गोळा करण्यापासून रुसव्याफुगव्यापर्यंत सगळे रंगते. पौषात धालो, हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ. उभे राहणाऱ्या बायका खुर्चीच्या पाठीला धरून दोन ओळींत झुकतात, बाकीच्या बसून पायाने ठेका धरतात. बसल्या बसल्या हातांची फुगडीही होते. दिवाळीला फोवांचे (पोह्यांचे) प्रकार कोणाच्या घरी कसे, यावर एक पूर्ण दुपार जाते. शिगम्याला (गोव्यातल्या होळीच्या सणाला) मिरवणुकीत नेऊ नका, रोमटामेळाचे (ढोल-ताशांवर नाचणाऱ्या पथकाचे) चार तरुण अंगणात बोलवा, दहा मिनिटे पुरे.

१९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, हाही एक सण माना. आज ऐंशी ओलांडलेली मंडळी १९६१ साली निदान शाळकरी वयाची होती. त्या दिवशी कुठे होतात, काय पाहिले, हे त्यांनी सांगावे आणि कोणीतरी लिहून घ्यावे. १६ जानेवारीला जनमत कौलाची, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या मतदानाची, आठवणही निघते. १९६७ चा तो वाद काही जणांच्या मनात अजून ताजा आहे. आवाज चढतील, चढू द्या, फक्त रक्तदाबवाल्यांना मधे पाणी द्या.

उपास, प्रसाद आणि आग

हा भाग भिंतीवर लावण्यासारखा आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकादशी धरली तर रक्तातली साखर खाली जाऊ शकते. घाम, कापरे, गोंधळ, चिडचिड ही लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. उपासाच्या दिवशी कोणता डोस कमी करायचा ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, मनाने ठरवू नका. आणि साबुदाण्याची खिचडी साखर झपाट्याने वाढवते, म्हणून उपासालाही वरी आणि भाजी बरी.

‘गोळीने उपास मोडतो’ या समजुतीपुढे सेविकेचे काही चालत नाही. हे भटजींच्या किंवा कीर्तनकार बुवांच्या तोंडून वदवून घ्या. त्यांनी देवासमोर उभे राहून ‘औषधाने उपास मोडत नाही’ म्हटले की पुढचा वाद संपतो.

प्रसाद अर्ध्या चमच्याचा करा. प्रसाद मागे ठेवणे म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, तेव्हा थोडाच द्यावा. पक्षाघात होऊन गेलेल्यांना किंवा गिळताना ठसका लागणाऱ्यांना कोरडे चुरमुरे, सुके खोबरे, लाडू नकोत. मऊ शिरा चालतो. धुपाचा धूर खिडकीकडे जावा. निरांजन ओवाळणाऱ्या बाईचा पदर खोचलेला असावा आणि शेजारी सेविका उभी असावी. अभिषेकाचे पाणी सांडले की ताबडतोब पुसायचे, ‘पूजा झाल्यावर’ नाही.

कोणालाही बाहेर ठेवू नका

आश्रमात विधवा बायका पुष्कळ असतात. तिथे हळदीकुंकू फक्त सुवासिनींना देणे म्हणजे बाकीच्यांना भर खोलीत वगळणे. संक्रांतीला, चैत्रात सगळ्यांना हळदीकुंकू, फूल, वाण द्या. एखादीला स्वतःला कुंकू नको असेल तर तिचे ऐका, पण फूल आणि वाण तिच्या हातात पडलेच पाहिजे. दिवा लावण्याच्या पाळीतही विधवा बाई हवी. आमच्याकडे यावरून सुरुवातीला कुजबुज झाली; पहिली पाळी वयाने सगळ्यात मोठ्या असलेल्या काकींना दिली, आणि त्यांच्यापुढे कोणी काही बोलले नाही.

ख्रिस्ती रहिवासी असतील तर जवळच्या चर्चला नाव कळवा; पाद्री आजारी माणसांकडे कम्युनियन घेऊन येतात. त्यांच्या तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) एक शांत कोपरा आणि ठरलेली वेळ हवी. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जाता आले नाही तरी त्या दिवशी त्यांचा सण आहे हे सगळ्या घराने ओळखावे. नाताळच्या दोदोल (गूळ-नारळाची मिठाई) आणि नेवऱ्यांचे ताट हिंदू रहिवाशांकडे त्यांनीच न्यावे. मुसलमान रहिवाशाच्या नमाजाला आणि रोज्यालाही तोच मान. ज्याचा कशावरच विश्वास नाही त्याला वर्तमानपत्र, पत्ते, बाग आणि एकटे बसण्याचा हक्क आहे.

पाहुणे, देणगीदार आणि मुले

वाढदिवस, श्राद्ध, पुण्यतिथी यांच्या निमित्ताने लोक जेवण घेऊन येतात. भाव चांगला असतो, पण एकाच रविवारी तीन केक येतात आणि सोमवारी साखर मोजताना घाम फुटतो. आधी वेळ ठरवल्याशिवाय येऊ नये, जेवण आश्रमाच्या यादीप्रमाणे असावे, रहिवाशाला विचारल्याशिवाय फोटो काढू नये, ही तीन वाक्ये फाटकावर लावा. पाहुण्यांना ओळीत उभे राहून पाकिटे वाटू देऊ नका. वातीच्या ताटाशी अर्धा तास बसायला सांगा. शाळेच्या मुलांनाही नाच दाखवायला एकदा बोलावण्यापेक्षा तीच चार मुले दर शनिवारी येतील असे पाहा.

मुले परदेशात असतील तर फोनची वेळ घड्याळाप्रमाणे बांधा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, ब्रिटन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. फोनवर ‘जेवलीस का’ याच्या पुढे बोलणे जात नसेल तर मुलाला आईचे काम सांगून ठेवा. ‘आज जाया मिळाल्या का?’ असे त्याने विचारले की ती दहा मिनिटे बोलते.

कागदांचेही पाहा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा (गोवा सरकारच्या मासिक अर्थसाहाय्याचा) हयातीचा दाखला, आरोग्य कार्ड, बँकेचे पुस्तक, यांची तारीख वहीच्या पहिल्या पानावर असावी. छळाची किंवा मालमत्तेची तक्रार असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. हा नंबर रहिवाशांना स्वतः वाचता येईल अशा ठिकाणी लावा.

कोणी गेले तर

मृत्यू लपवू नका. रात्री मागच्या दाराने गाडी गेली आणि सकाळी खाट रिकामी, असे झाले की उरलेल्यांना एकच गोष्ट कळते: आपल्यालाही असेच नेतील. आधी खोलीतल्या सोबत्याला बसून सांगा, मग सगळ्यांना. ज्यांना शेवटचे पाहायचे आहे त्यांना पाहू द्या. अग्नी की दफन, कुठल्या गावी, कोणाच्या हातून, हे प्रवेशाच्या वेळीच, माणूस धडधाकट असताना त्याच्याच तोंडून लिहून घेतलेले असावे. संध्याकाळच्या भजनात त्याच्या आवडीचा अभंग घ्या. आश्रम म्हणजे एक कुळ नव्हे, तेव्हा सुतकाच्या नावाने देवघर बंद करण्याची गरज नाही. ज्याला पाळायचे त्याने पाळावे. आणि गेलेल्याचे काम फळ्यावरून लगेच पुसून टाकू नका. चार दिवसांनी विचारा, हे आता कोण करील? कोणीतरी हात वर करते.

सुरुवात कशी करावी

सगळे एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त वह्या. दुसऱ्यात वाती आणि फुले, तिसऱ्यात भजनाची वेळ बदला, चौथ्यात रहिवाशांची पहिली सभा घ्या. सभेत पहिला अर्धा तास विश्वस्तांनी खोलीत बसू नये, म्हणजे आमटी पाणचट आहे आणि तिसरा पंखा आवाज करतो हे बाहेर येईल. बोललेले एका रहिवाशानेच लिहून घ्यावे, आणि पुढच्या सभेत आधी तेच वाचावे: काय झाले, काय राहिले, का राहिले. पहिल्या सभेत देवाचे कोणी बोलणार नाही, सगळे जेवणाबद्दल बोलतील. पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, म्हणजे दुसऱ्या सभेला अधिक माणसे येतील.